शर्यतीच्या घाटाची लहान मोटारसायकल

उसाचें बिल हातीं आलें अथवा कापसाची पट्टी झाली कीं, पुष्कळ शेतकऱ्यांच्या घरीं तरुण चिरंजीवांची एक मागणी पुढें येते : शर्यतीच्या घाटाची मोटारसायकल हवी. वडील मंडळी एक तर ही उधळपट्टी म्हणून ती झिडकारतात, किंवा घरांत रुसवा नको म्हणून निमूटपणें रक्कम मोजतात. आमच्या मतें हे दोन्ही मार्ग चुकीचे होत. बैल घेतांना आपण दांत, खूर व चाल पाहतों. तीच पारख येथेंही केली पाहिजे.

उदाहरणादाखल यामाहा कंपनीची 'आर-१५' ही गाडी घेऊं. ती आपल्या देशांत २००८ सालीं आली, तेव्हां तिचें इंजिन १५० सी. सी. चें होतें, २०१८ पासून तें १५५ सी. सी. चें झालें. इंजिन पाण्यानें थंड होणारें, गिअर सहा व जोर सुमारें १८ अश्वशक्तींचा. आपल्याकडे सर्रास दिसणाऱ्या १०० सी. सी. च्या गाडीचा जोर सुमारें ८ अश्वशक्तींचा असतो, हें ध्यानांत घेतलें म्हणजे दोहोंमधील अंतर कळून येईल.

प्रथम गुण सांगूं. हमरस्त्यावर मालमोटार ओलांडतांना हा जोर उपयोगी पडतो व वेगांत गाडी स्थिर राहते. दोन्ही चाकांस डिस्क ब्रेक असून, चाक जाम होऊं न देणारी योजनाही असते, १२५ सी. सी. वरील सर्व नव्या गाड्यांस ती एप्रिल २०१९ पासून कायद्यानें सक्तीची आहे. बेतानें चालविल्यास लिटरास चाळीस किलोमीटरच्या आसपास मजल पडते. शिवाय शर्यतीच्या मोठ्या गाड्यांपेक्षां ही हलकी व आटोक्यांत राहणारी असल्यामुळें, चालविण्याची शिस्त शिकण्यास ती अधिक बरी.

आतां दोष. ही गाडी एकट्याची आहे. मागची बैठक उंच व तोकडी. तिच्यावर घरच्या वडीलधाऱ्या बाईस बसवितां येत नाहीं. दुधाचे कॅन अडकविण्यास जागा नाहीं, मग ४५ किलोची युरियाची गोणी कोठून येणार ? मूठ खालीं असल्यानें चालविणारा पुढें वाकतो व मनगटें भरून येतात. पावसाळ्यांत काळ्या रानाच्या पाणंदींतून तिचे गुळगुळीत रस्त्यासाठीं केलेले टायर घसरतात, आणि गाडी एकदां आडवी झाली कीं अंगावरचें प्लॅस्टिकचें कवच तडकून खर्च उभा राहतो. किंमतही रस्त्यावर येईतों दीड लाखांहून अधिक होते. सारांश, शेतीचें एकही काम ती हलकें करीत नाहीं.

याहून गंभीर गोष्ट मुलाच्या वयाची. गिअरची मोटारसायकल चालविण्यास वयाचीं अठरा वर्षें पुरीं व्हावीं लागतात. २०१९ च्या दुरुस्तीनें, अज्ञान मुलानें गाडी चालवून गुन्हा केल्यास पालकास अथवा मालकास तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड सांगितला आहे. मुलाच्या हातीं किल्ली देणाऱ्या बापानें हें विसरूं नये.

तेव्हां आमचें म्हणणें इतकेंच : मुलगा सज्ञान व परवानाधारक असेल, रोज डांबरी रस्त्यानें दूरच्या कॉलेजास किंवा नोकरीस जात असेल, आणि घरचें देणें भागून पैसा शिल्लक असेल, तर ही गाडी खुशाल घ्यावी, हौसेलाही संसारांत स्थान आहे. परंतु पीककर्जाच्या रकमेंतून ती कदापि घेऊं नये. बियाण्याचा पैसा बियाण्यालाच लागला पाहिजे. गाडीचा हप्ता गाडी फेडीत नाहीं, तो शेवटीं शेतालाच फेडावा लागतो. आणि घ्यावयाचीच ठरली, तर दोन चांगलीं शिरस्त्राणें किंमतींतच धरावीं. तेवढ्यासाठीं घासाघीस करणाऱ्यानें गाडीच्या पेढीची पायरी चढूं नये.