आपसात मिटवण्याची किंमत

वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातील केनवडसारख्या गावाच्या रस्त्यावर एखादी मोटार घासली किंवा दुचाकीस्वाराला धक्का लागला, की चार माणसे जमतात, थोडी बाचाबाची होते आणि कोणी वडीलधारा म्हणतो, "जाऊ द्या, आपसात मिटवा." खिशातून काही नोटा निघतात व प्रकरण संपते. विमा कंपनीचे नावही कोणी काढत नाही. हा व्यवहार शहाणपणाचा की घातक, हे नुकसान कोणाचे झाले यावर अवलंबून आहे.

नुकसान केवळ स्वतःच्या मोटारीचे असेल, तर पदरमोड करणे पुष्कळदा हिशेबाला धरूनच असते. दावा न करणाऱ्या मोटारमालकाला स्वतःच्या गाडीच्या नुकसानीपोटीच्या हप्त्यात पहिल्या वर्षानंतर २० टक्के, पुढे २५, ३५, ४५ आणि अखेर ५० टक्के सूट मिळते. एक दावा केला, की ही सूट सामान्यतः शून्यावर येते. मूळ हप्ता १०,००० रुपये धरला, तर ५० टक्के सूट असणारा ५,००० रुपये भरतो. दाव्यानंतर त्याला क्रमाने १०,०००, ८,०००, ७,५००, ६,५०० व ५,५०० रुपये भरावे लागतील. म्हणजे पाच वर्षांत १२,५०० रुपये अधिक. गाडीची किंमत घटते तसा हा आकडा काहीसा उतरेल, हे खरे. परंतु लहान मोटारीच्या प्रत्येक दाव्यात मालकाने सोसावयाचे १,००० रुपये आणि प्लॅस्टिकच्या भागांवरील ५० टक्के घसारा त्यात मिळवावा लागतो. तीन-चार हजारांच्या पोच्यासाठी दावा करणारा नोकरदार एका हाताने घेतो आणि दुसऱ्या हाताने अधिक देतो.

दुसऱ्या माणसाला इजा झाली असेल, तर मात्र हे गणित लागू पडत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १३४ व्या कलमान्वये चालकाने जखमीला वैद्यकीय मदत मिळवून दिली पाहिजे, पोलिसांना वर्दी दिली पाहिजे आणि विमा कंपनीला लेखी कळविले पाहिजे. कंपनीच्या लेखी संमतीवाचून दोष कबूल करू नये वा पैसे देऊ नयेत, अशी अट विमापत्रातच असते. म्हणजे उदार मनाने नोटा देणारा मालक स्वतःचेच संरक्षण धोक्यात घालतो.

त्याहून मोठा तोटा जखमीचा. रोजंदारीवरच्या मजुराला त्या क्षणी दोन हजार रुपये मोठे वाटतात. पण हाड मोडल्याचे किंवा डोक्याला आतून मार लागल्याचे दुसऱ्या दिवशी कळते. तोवर गाडी निघून गेलेली असते, वर्दी नसते, आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे ठेवायला पुरावाही उरत नाही. विम्याची मुदत संपलेल्या वाहनमालकाला तर अशी तडजोड हवीच असते.

तिऱ्हाइतासाठीच्या विम्याची सक्ती आपल्याकडे १ जुलै १९४६ पासून आहे. जखमीचे भवितव्य मोटारवाल्याच्या खिशावर किंवा मर्जीवर राहू नये, हाच तिचा हेतू. स्वतःच्या पत्र्याचा पोचा प्रत्येकाने खुशाल स्वखर्चाने काढावा. परंतु दुसऱ्याच्या मोडलेल्या हाडाचा भाव रस्त्यावर ठरविण्याचा अधिकार कोणालाही नाही. गावातील वडीलधाऱ्यांनाही नाही. "आपसात मिटवा" म्हणण्यापूर्वी त्यांनी जखमीला दवाखान्यात धाडावे आणि गाडीचा क्रमांक टिपून घ्यावा. शेजारधर्म तोच आहे.