तत्त्वज्ञान आपला विषय नाही, हे कुणी ठरवलं?

वस्तीतल्या अभ्यासिकेत बारावी झालेली पोरं विचारतात, "दादा, बीएला कुठला विषय घेऊ?" उत्तरं ठरलेली असतात : राज्यशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र. स्पर्धा परीक्षेला उपयोगी पडतात. तत्त्वज्ञान कुणी सुचवत नाही. मीही सुचवत नव्हतो. समाजशास्त्रात एमए करताना एक प्राध्यापक सहज म्हणाले होते, "तुम्ही वस्तीतली माहिती गोळा करा, थिअरीत पडू नका." तेव्हा मला ते कौतुकच वाटलं!

पुढे गोपाळ गुरू यांचा २००२ चा लेख वाचला. भारतीय सामाजिक शास्त्रांत सिद्धांत मांडणारे ब्राह्मण आणि माहिती पुरवणारे शूद्र अशी विभागणी आहे, हे त्यांनी त्यात दाखवून दिलं. म्हणजे सोसायचं आपण, आणि त्याचा अर्थ लावायचा दुसऱ्यांनी.

बाबासाहेबांनी ही विभागणी मानली नाही. कोलंबियात ते जॉन ड्युई यांच्या वर्गात बसले. १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये त्यांनी ड्युईंचा उल्लेख आपले गुरू म्हणून केला. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'च्या प्रस्तावनेत तर त्यांनी थेट प्रश्न उभा केला : आत्मा नाही, तर कर्म आणि पुनर्जन्म कसे? हा ग्रंथ आपल्या घराघरांत आहे. पण या प्रश्नाशी पदवीच्या पातळीवर झटणारे आपले विद्यार्थी किती?

सातव्या शतकातल्या धर्मकीर्तीने जातीचा गर्व हे बुद्धी मंदावल्याचं लक्षण मानलं. तो मोठा तर्कशास्त्रज्ञ होता. त्याचा वारसा आपण सांगतो, पण त्याचं प्रमाणशास्त्र वाचत नाही.

"तत्त्वज्ञानाने पोट भरतं का?" हा प्रश्न खोटा नाही. नोकऱ्या कमीच आहेत. घर चालवायची जबाबदारी असलेल्या पोराला मी दोष देणार नाही. पण ज्याला शक्य आहे, त्याने तरी हे दार उघडावं. २०२० च्या शैक्षणिक धोरणात पदवीच्या चौथ्या वर्षी संशोधनाची तरतूद आहे. तिथे 'आंबेडकरांचे विचार' असला ढोबळ विषय घेऊ नका. एकच प्रश्न घ्या. मूळ ग्रंथ वाचा. विरोधकाचा सर्वांत बळकट युक्तिवाद आधी प्रामाणिकपणे मांडा, मग खोडा. जमलं नाही तर तेही लिहा.

घोषणेने सभा जिंकता येते. पण वर्गात, ग्रंथात आणि कोर्टात युक्तिवादच लागतो. तो दुसऱ्याकडून किती दिवस उसना आणायचा?

जय भीम!