पाव फुगला, पुस्तक अडलं

सकाळी साडेसहाला पोदेराच्या सायकलीचा भोंगा वाजतो आणि आमच्या घरातला दिवस सुरू होतो. चहा आणि दोन उंडे, नाहीतर पोई. माझी आजी पाव खात नसे. पाव म्हणजे बाट. विहिरीत पाव टाकला आणि अख्खा गाव बाटला, ही गोष्ट तिने आम्हां नातवंडांना इतक्या वेळा सांगितली होती की लहानपणी मी विहिरीत डोकावून पाव दिसतो का पाहत असे. तिचा मुलगा, म्हणजे माझे वडील, मात्र रोज पाव-भाजी खाऊनच कचेरीत जात. मीही त्याच वाटेने कचेरीत गेलो, कारकून झालो, आणि पावाच्या बाबतीतही वडिलांवरच गेलो.

तर पाव. हा आपला नव्हे हे सगळ्यांना ठाऊक आहे. पोर्तुगीज आले, त्यांना रोज पाव हवा, आणि ख्रिस्तप्रसादासाठीही गव्हाचंच पीठ हवं. गहू बाहेरून आणता येतो, भट्टी बांधता येते. पण रोजचा पाव फुगायचा कसा? त्यांचं खमीर इथे कुठून आणायचं? परंपरेने असं सांगतात की पिठात माडाची सूर घातली गेली. सूर आंबते, पीठ फुगतं. सासष्टीतल्या माजोर्डे गावच्या लोकांना जेझुइट पाद्र्यांनी भट्टीची विद्या दिली आणि तिथून पोदेर गोवाभर पसरले, असंही सांगतात. सूर घालायची ही युक्ती नेमकी कोणाला सुचली, कोणी लिहून ठेवलेलं नाही. मला विचाराल तर ती एकट्या कोणाला सुचलेलीच नसावी. रेंदेर माडावरून सूर उतरवत होता, त्याचा शेजारी भट्टी पेटवत होता, आणि आंबलेल्या सुरेने काय होतं हे गावातल्या प्रत्येक बाईला माहीत होतं, कारण आपले सान्नां त्याच सुरेवर फुगतात. तिघं एकाच वाड्यावर राहत होती. एवढं पुरेसं होतं.

हे आठवायचं कारण वेगळंच आहे. मध्यंतरी जुन्या गोव्यात गेलो होतो. तिथे सेंट पॉल कॉलेजची एक कमान रस्त्याच्या कडेला उभी आहे. बाकी कॉलेज गेलं, कमान राहिली. बी.ए.ला माझा इतिहास होता, त्यामुळे तिथून जाताना नजर वळतेच. भारतातला पहिला छापखाना इथे चालला. १५५६च्या सप्टेंबरात तो गोव्यात उतरला. खरं तर तो आपल्यासाठी आलाच नव्हता. जहाजावर तो इथिओपियाला जाणाऱ्या पाद्र्यांच्या सामानात होता. तिकडच्या राजाचं मन फिरलं, मंडळी इथेच अडकली, आणि यंत्रही इथेच राहिलं. बरोबर ह्वान द बुस्तामांते नावाचा मुद्रक होता, आणि त्याच्या हाताखाली छपाई जाणणारा एक हिंदी माणूसही होता असा उल्लेख मिळतो. त्या माणसाचं नाव कोणी टिपलं नाही. १५६३ साली याच शहरात गार्सिया द ओर्ताचा औषधी वनस्पतींवरचा प्रसिद्ध ग्रंथ छापून निघाला.

म्हणजे पावाच्याच सुमारास छापखानाही आला. तिकडून आलेल्या या दोन गोष्टींपैकी एक घरोघर गेली. दुसरीचं काय झालं?

फादर थॉमस स्टीफन्सचं उदाहरण घ्या. इंग्रज माणूस, १५७९ साली गोव्यात आला, इथली भाषा शिकला आणि मराठीत जवळजवळ अकरा हजार ओव्यांचं 'क्रिस्तपुराण' लिहून गेला. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना जुनी पुराणं वाचायची बंदी होती, तेव्हा त्यांना ऐकायला-गायला त्याच वळणाचं काहीतरी हवं होतं. हा ग्रंथ १६१६ साली रायतूरला छापला गेला तो रोमन लिपीत. ओवी मराठी, कानाला मराठी, डोळ्यांना मात्र परकी. ही स्टीफन्सची हौस नव्हे. १६०८ साली त्याने रोमला वरिष्ठांना पत्र लिहिलं होतं की या देशाच्या भाषेत आणि याच देशाच्या अक्षरांत पुस्तकं छापावीत अशी माझी फार वर्षांची इच्छा आहे, पण दोन अडचणी आहेत. पहिली म्हणजे युरोपात दोन डझन अक्षरांत काम भागतं, इथे जोडाक्षरं धरून सहाशे साचे पाडावे लागतील. आणि दुसरी, प्रांताच्या मुख्याच्या हुकुमाशिवाय हे करता येत नाही, आणि त्याला इतर कामं फार आहेत.

हे वाचलं तेव्हा मला हसूच आलं. चारशे वर्षांपूर्वीची फाईल, आणि शेरा ओळखीचा! प्रस्ताव चांगला आहे, साहेब कामात आहेत.

आपले विद्वान यातली पहिली अडचण धरतात आणि पुढे जातात. देवनागरी अवघड, सहाशे खिळे, म्हणून जमलं नाही. मला हे पटत नाही. तमिळ अक्षरंही काही सरळ रेघा नव्हेत, आणि तमिळमधलं पुस्तक १५७८ सालीच कोल्लमला छापून झालं होतं. त्याची काही अक्षरं तर गोव्यातच पाडली होती. मग मराठीलाच काय झालं? गोव्यात कोरीवकाम करणारे हात नव्हते? चर्चच्या चांदीच्या वस्तू आणि लाकडी वेद्या घडवणारे हात इथल्याच शेट-मेस्तांचे होते. अक्षर जाणणारे नव्हते? गावकारीचे जमाखर्च लिहिणारे कुळकर्णी गावोगाव होते. यंत्र तर होतंच. म्हणजे तिन्ही गोष्टी दहा-वीस मैलांच्या आत होत्या, फक्त एका अंगणात नव्हत्या.

त्या येणार तरी कशा? १५६० साली इन्क्विझिशन आलं. तिसवाडी, बारदेस, सासष्टीतली देवळं मोडली, लोक रातोरात देव घेऊन नदीपार अंत्रुजात गेले. देशी लिपीतल्या पोथ्या जाळल्या गेल्या. ज्याच्या घरातली पोथी जळली तो पंडित पाद्र्याच्या छापखान्यात बसून 'क्ष' असा नको, असा काढा, म्हणून सांगायला येईल का? छापखाना कॉलेजच्या भिंतीआड होता, त्याचा मालक एक, वाचक ठरवणारा तोच, आणि मजकूर तपासणाराही तोच. यंत्र युरोपातलं सगळ्यात नवं, पण त्याच्या अवतीभवती बाजार नाही, गिऱ्हाईक नाही, शेजार नाही. पुढे १६८४ साली व्हाइसरॉयने तीन वर्षांत लोकांनी आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावं असा हुकूम काढला, आणि त्याच सुमारास गोव्यातली छपाईही थंडावली ती १८२१पर्यंत. क्रिस्तपुराणाच्या सतराव्या शतकातल्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज सापडत नाही. देवनागरीत ते टिकलं ते हातांनी लिहिलेल्या पोथीत, आणि तीही लंडनला. छापील देवनागरीत ते आलं १९५६ साली, पुण्यात. छापखाना गोव्यात उतरल्यापासून मोजून चारशे वर्षांनी.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर सगळं पोर्तुगीजांच्या माथी मारून आपण मोकळे. गोव्याबाहेर तर इन्क्विझिशन नव्हतं ना? सुरतेचा भीमजी पारेख नावाचा बडा व्यापारी. त्याने इंग्रजांकडून मुद्रक मागवला, १६७४ साली तो आला. पैसा भीमजीचा, इच्छा भीमजीची, पण आलेल्या मुद्रकाला छापता येत होतं, अक्षरं पाडता येत नव्हती. प्रकरण तिथेच जिरलं. पेशवाईत नाना फडणविसांच्या वेळी पुण्यात एका तांबटाला तांब्याच्या पत्र्यावर अक्षर कोरायला शिकवलं, आणि त्यातून शेवटी १८०५ साली मिरजेत गीता छापून निघाली. अख्खं पान एका पत्र्यावर. छान काम, पण पुढे कोणी चालवलं नाही. लिहिणाऱ्याला लेखनिक स्वस्तात मिळत होते, शास्त्र जाणणाऱ्याला ते चार जणांच्या हाती जावं असं वाटत नव्हतं, आणि तांबट तो तांबटच. त्याला कोणी विचारलं नाही की बाबा रे, सुटी अक्षरं करता येतील का?

हे जुळलं ते बंगालमध्ये. पंचानन कर्मकार नावाचा धातुकाम करणाऱ्या घराण्यातला कारागीर. विल्किन्स साहेबाच्या हाताखाली त्याने बंगाली खिळे पाडले, १७७८चं हालहेडचं व्याकरण त्यातूनच छापलं गेलं. पुढे तो श्रीरामपूरला कॅरीकडे गेला, तिथे त्याने देवनागरी केली, जावई मनोहरला शिकवली. १८०५ सालचं कॅरीचं मराठी व्याकरण तिथलंच. कॅरीही धर्मप्रसारकच होता बरं का, तेव्हा 'पाद्री म्हणून जमलं नाही' हेही खरं नव्हे. फरक एवढाच की तिथे लोहार, पंडित आणि साहेब एका कारखान्यात रोज उठून भेटत होते, भांडत होते.

पण माझा आवडता माणूस मुंबईचा गणपत कृष्णाजी. जातीने भंडारी, म्हणजे आपल्याकडच्या हिशेबाने माडावर चढणाऱ्यांचा भाऊबंद. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम करता करता तो शिकला, स्वतः दगड घासले, शाई केली, आणि १८३१ साली पंचांग छापलं. पंचांगच का? कारण ते दरवर्षी नवं लागतं आणि घरोघर लागतं. आपल्या लोकांना काय हवं हे त्याला बाहेरून कळायची गरज नव्हती. सोवळ्यातले लोक छापील कागदाला शिवत नसत, शाईत चरबी असते म्हणून. त्यावर धर्मग्रंथांसाठी त्याने तुपाची शाई केली असं सांगतात. पानंही पोथीसारखी लांबोळी, सुटी. लोक हसतील याला, पण मला यात मोठी अक्कल दिसते. त्याने वाचकाचा संशय मूर्खपणा म्हणून उडवून लावला नाही, शाईच बदलली. रेंदेराच्या सुरेसारखंच हे.

या सगळ्याची आठवण कचेरीत बसल्या बसल्या होते. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे जुने दस्तऐवज संगणकावर घेण्याचं काम आलं. बाहेरून माणसं आली, सादरीकरण झालं, चहा झाला. चहा घेऊन आला तो रेकॉर्ड रूमचा शिपाई. तीस वर्षं त्याने फायली गाव आणि वाड्याप्रमाणे लावल्या आहेत, कारण माणूस कचेरीत येतो तो गावाचं नाव घेऊन येतो, साल त्याला कुठे आठवतं! नव्या प्रणालीत शोध फक्त साल आणि क्रमांकावर. दारात उभं राहून शिपाई काहीतरी बोलायला गेला, तर त्याला कप उचलायला सांगितलं. मीही त्या बैठकीत होतो, आणि मीही गप्प बसलो. वरिष्ठांसमोर शिपायाची बाजू घेणं आमच्यात होत नाही. नाही घेतली, एवढंच.

आता तो एक चारशे पानी वही बाळगून असतो. डाव्या बाजूला गाव आणि वाडा, उजव्या बाजूला संगणकाचा क्रमांक, हाताने लिहिलेला. लोक आधी त्याच्याकडे जातात, मग खिडकीवर. पुढच्या वर्षी तो निवृत्त होतोय. मी वहीची झेरॉक्स काढून ठेवावी का, असं त्याला विचारलं, तर म्हणाला, "सायबांनी विचारलं तर देतां."

आणि पाव? आमच्या वाड्यावर येणाऱ्या पोदेराला मी सुरेचं विचारलं. हल्ली सूर घालत नाही, पाकिटातलं यीस्ट घालतो. रेंदेरांची मुलं आता माडावर चढत नाहीत, नोकऱ्या करतात, आणि ते योग्यच आहे. भट्टीही त्याने कर्नाटकातून आलेल्या दोघा भावांना चालवायला दिली आहे. त्यातला धाकटा अधूनमधून माडाखाली उभा राहून वर बघत असतो. परवा मला विचारत होता, इथली जुनी माणसं पिठात नेमकं काय घालत होती म्हणून.