रस्ता येण्याआधी करंज वाचवू या

धरमतर खाडीवरचा रेवस-करंजा पूल आता कागदावरचा राहिलेला नाही. तो ज्याचा भाग आहे त्या रेवस-रेड्डी सागरी मार्गाचं स्वप्न बॅरिस्टर अंतुल्यांनी पाहिलं, त्याला चार दशकं उलटली. पूल व्हायलाच हवा. तो आपल्याही सोयीचा आहे. पण पुलामागून जोडरस्ते येतात, भराव पडतो, जमिनीचे भाव चढतात आणि काठावरची झाडं सर्वांत आधी आडवी होतात. त्यांतला करंज आज सर्वांत निराधार आहे.

तिवरं संपतात आणि भातखाचरं सुरू होतात, त्या मधल्या पट्ट्यात करंज वाढतो. उधाणाचं खारं पाणी मुळाशी आलं तरी तो तग धरतो आणि काठाची माती धरून ठेवतो. तो शेंगवर्गातला. त्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र जमिनीला देतात. त्याचा पाला चिखलणीत गाडला की भाताला खत मिळतं आणि बियांची पेंड वाळवीला आवर घालते. बियांत सुमारे तीस टक्के तेल असतं. हे कडू तेल पिढ्यान् पिढ्या दिव्यात जळलं, खरूज-नायट्यावर लागलं. ऐन उन्हाळ्यात करंज फुलतो तेव्हा मधमाश्यांची तिथे झुंबड उडते. खारबंदिस्तीला खांड पडली की शेत किती वर्षं नापीक होतं, हे खारेपाटाला कुणी सांगायला नको. अशा जमिनीत जगणारं, वर जमिनीलाच देणारं झाड आपण फुकट घालवायचं का?

तिवरांना निदान कायद्याचा आधार आहे. मुंबई उच्च न्यायालयानं २००५ साली त्यांच्या तोडीला मनाई केली आणि २०१८ मध्ये निकाल देऊन ती पक्की केली. सार्वजनिक प्रकल्पासाठी तिवरं तोडायची तरी न्यायालयाची परवानगी लागते. १९६४ च्या झाडतोड कायद्याच्या अनुसूचीत साग, खैर, आंबा, फणस आहेत, तिवरंही आहेत. करंज नाही. म्हणून त्याची राखण गावालाच करावी लागेल, आणि तसा अधिकार गावाला आहे.

जैवविविधता कायदा २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीची जैवविविधता समिती आणि नोंदवही असते. रेवस, बोडणी, मांडव्याच्या ग्रामसभांनी येत्या बैठकीतच ठराव करावा: काठावरचा प्रत्येक करंज मोजायचा, त्याला क्रमांक द्यायचा, नोंदवहीत लिहायचा. ही यादी रस्ते विकास महामंडळाच्या हाती द्या. जिथे वळण देऊन झाड वाचतं तिथे वळण मागा. जिथे वाचत नाही तिथे बदली झाडं म्हणून शोभेची रोपं घेऊ नका, खाडीकाठी करंजच लावून मागा.

जागा विकणाऱ्यांनो, बांधावरचा करंज राखण्याची अट खरेदीखतात घाला. शाळांनो, शिक्षकांनो, फेब्रुवारी ते मे या काळात पिकलेल्या शेंगा मुलांकडून गोळा करून घ्या. बियाण्याला कसलीही प्रक्रिया लागत नाही. पिशवीत टोचलं की ते पंधरवड्यात उगवतं. पावसाच्या सुरुवातीला ही रोपं बंदिस्तीच्या कडेनं लावा आणि पहिली दोन वर्षं गुरांपासून जपा.

आखणीचे खुंट ठोकले गेल्यावर ओरडून उपयोग नाही. यादी आधी हवी, आणि ती आपणच करायची आहे. येत्या ग्रामसभेला प्रत्येक घरातून एक जण आलाच पाहिजे.