प्रकाशाला नाडी नसते

वैद्यकीय शिक्षणात ऑगमेंटेड रिॲलिटी आल्याच्या बातम्यांचा सूर सहसा एकच असतो: विद्यार्थी चष्मा चढवील, समोर हृदय तरंगेल आणि कौशल्य आपसूक हाती येईल. भौतिकशास्त्राचा अभ्यासक म्हणून या सुराला माझा विरोध आहे.

पहिला आक्षेप प्रकाशशास्त्राचा. होलोलेन्सची प्रतिमा सुमारे २ मीटरवर केंद्रित असते. शीर शोधणारे हात मात्र डोळ्यांपासून जेमतेम ४० सेंटिमीटरवर असतात. म्हणजे ०.५ विरुद्ध २.५ डायॉप्टर. सुई स्पष्ट दिसली तर आभासी शीर पुसट होते. शीर स्पष्ट दिसली तर सुई. कौशल्य ज्या अंतरावर घडते, नेमके तेथेच हे साधन अडखळते.

दुसरा आक्षेप अधिक मूलभूत आहे. हृदय बंद पडलेल्या प्रौढाची छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, किमान ५ सेंटिमीटर खोल दाबावी लागते. त्याला काहीशे न्यूटन बल लागते. प्रकाशाची छाती हाताला विरोध करत नाही. नाडीचा ठोका, यकृताची कडा, पोटाचा ताठरपणा हे सारे बोटांचे ज्ञान आहे. छातीवर ताडन करून रोग ओळखण्याची पद्धत आउएनब्रुगरने १७६१ साली मांडली. तो खानावळवाल्याचा मुलगा होता आणि पिंपे ठोकून आतली पातळी ओळखण्याची रीत त्याने घरीच पाहिली होती, असे सांगतात. ते पीप खरे होते.

शरीररचना दाखवण्यासाठी हा चष्मा उत्तम आहे. अमेरिकेतील केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाने होलोलेन्स त्यासाठी वापरला, ते योग्यच. परंतु पाहणे म्हणजे करणे नव्हे. शिवाय होलोलेन्स २ हा नोव्हेंबर २०१९मध्ये बाजारात आला आणि ऑक्टोबर २०२४मध्ये त्याचे उत्पादन थांबल्याचे जाहीर झाले. इंटर्नशिप धरून एमबीबीएस साडेपाच वर्षांचे असते. उपकरण विद्यार्थ्याआधीच निवृत्त झाले!

हे मी बंगळुरूच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रातून लिहीत आहे. उपग्रहांचा माग ठेवणारे इस्रोचे केंद्र येथेच आहे आणि लेथ, साचे, स्प्रिंगा यांवर जगणारे असंख्य छोटे कारखानेही येथेच आहेत. १९६०मध्ये रेसुसी ॲन हा सरावाचा पुतळा नॉर्वेतील खेळणी बनवणाऱ्या आसमुंद लेर्दाल यांनी घडवला, डॉ. पीटर सफर यांच्या सूचनेवरून त्याच्या छातीत स्प्रिंग बसली. मऊ प्लास्टिक, एक स्प्रिंग आणि आज त्यांच्या जोडीला एक साधा दाब-संवेदक: यात पीण्याला, पिंपरी-चिंचवडला किंवा सातपूरला न जमण्यासारखे काय आहे?

२०१९पासूनच्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमाने वैद्यकीय महाविद्यालयांत कौशल्य-प्रयोगशाळा आवश्यक ठरवली. त्यामागचा विचार नैतिक आहे: विद्यार्थ्याची पहिली चूक माणसाच्या अंगावर होऊ नये. जिथे पन्नास विद्यार्थी एका पुतळ्यामागे रांग लावतात, तिथे आयात चष्म्यांची खरेदी ही प्रगती नव्हे, देखावा आहे. त्या देखाव्याची किंमत सरकारी रुग्णालयाच्या जनरल वॉर्डातला रुग्ण मोजतो. चुकलेली सुई त्याच्याच हातात शिरते, आणि तक्रार करण्याचे बळ बहुधा त्याच्याकडे नसते.

म्हणून विद्यार्थ्यांनो, तुमच्या महाविद्यालयात असा चष्मा आला, तर एवढेच विचारा: सरावाचे पुतळे किती आहेत, आणि ते कुलुपाबाहेर किती तास असतात?