खालच्या अंगाला

अंक दोन महिने उशिरा निघतोय. कारण जुनंच, कागदाचे पैसे. वर्गणीदारांनी शिव्या घालाव्यात, आम्ही खातो. पण या खेपेला मी कवितेवर किंवा संमेलनाच्या मांडवावर लिहिणार नाही. पाण्यावर लिहिणार आहे. पाणी म्हटलं की आपल्या माणसाच्या डोळ्यांपुढं एकच तळं येतं. त्याच्याकडे येतोच आहे.

मी बंदरावर कंटेनर भरतो, रिकामे करतो. कंत्राटात. निळे ड्रम, पुठ्ठ्याचे ड्रम, आत पांढरी पावडर. चीनहून कच्चा माल येतो, इथं औषध होतं, खोके परत बोटीनं युरोप-अमेरिकेला जातात. मॅट्रिकच्या इंग्रजीवर लेबलं वाचायची मला खोड. सिप्रोफ्लॉक्सासिन, अझिथ्रोमायसिन, मेट्रोनिडॅझोल. म्हणायला मजा वाटायची, शिव्या हासडल्यासारखी. मग गेल्या पावसाळ्यात मावशीला लघवीचं इन्फेक्शन झालं, ताप उतरेना. हॉस्पिटलातून कल्चरचा कागद मिळाला. औषधांची यादी आणि बहुतेक नावांपुढं इंग्रजी 'आर'. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आर म्हणजे हे औषध हिच्या जंतूला लागू पडत नाही. त्यातली दोन नावं मला पाठ होती. पाठीवरून वाहिलेली. मावशी वाचली, पण इंजेक्शनांत आमच्या घरातले दोन पगार गेले.

मावशीचा जंतू अमक्या नाल्यातून आला, असं मी म्हणणार नाही. तिनं मेडिकलवाल्याकडून दोन-दोन गोळ्या घेऊन खाल्ल्यात. आपण सगळेच खातो, तो दोष पदरात घ्यायला पाहिजे. पण जंतू शिकतो कुठं? जिथं औषध त्याच्या अंगावर रोज येतं आणि सगळे मात्र मरत नाहीत, तिथं. जे उरतात ते सरावतात, आणि आपली अक्कल दुसऱ्या जंतूलाही देतात.

हैदराबादजवळ पाटणचेरू म्हणून वसाहत आहे. नव्वदेक औषध कारखान्यांचं सांडपाणी तिथल्या एका सामाईक केंद्रात यायचं. स्वीडनच्या गोटेनबर्ग विद्यापीठातल्या योआकिम लार्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केंद्रातून बाहेर पडणारं पाणी तपासलं, २००७ साली निबंध छापला. बाहेर पडणारं, म्हणजे 'शुद्ध' केलेलं बरं का. लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन. गोळी घेतलेल्या रोग्याच्या रक्तात जेवढं चढतं त्याहून जास्त. त्यांच्या हिशेबानं एका दिवसात ४५ किलो सिप्रो वाहून गेलं. नव्वद लाखांचा अख्खा स्वीडन पाच दिवसांत खातो तेवढं. ४५ किलो म्हणजे किती, हे मला खांद्यावरून कळतं. पंचवीस किलोचे जवळपास दोन ड्रम. रोज नाल्यात ओतायचे.

२००९ च्या निबंधात आसपासची तळी आणि गावच्या विहिरीही आल्या. विहिरींतसुद्धा औषधं. तो नाला पुढं नक्कावागूतून मांजरेला मिळतो. मांजरा म्हणजे आपलीच, बीडच्या बालाघाटात उगवणारी, लातूरवरून खाली जाऊन गोदावरीत पडणारी. मग तिथं ओरड झाली तेव्हा काय केलं? नळ टाकून ते पाणी हैदराबादच्या मैलापाणी केंद्राकडं, म्हणजे शेवटी मुसी नदीकडं वळवलं. डॉकवर आम्ही याला शिफ्टिंग म्हणतो. माल कमी होत नाही, दुसऱ्याच्या दारात पडतो.

आणि कायदा? जानेवारी २०२० मध्ये केंद्राच्या पर्यावरण खात्यानं मसुदा काढला. औषध कारखान्याच्या सांडपाण्यात कुठलं अँटिबायोटिक किती चालेल, १२१ औषधांची यादी. मर्यादा फार कडक आहेत म्हणून कारखानदारांनी ओरड केली. ऑगस्ट २०२१ मध्ये पक्का नियम आला आणि यादी गायब. तिकडं युरोपीय संघानं २०२४ मध्ये ठरवलं, की शहराच्या सांडपाण्यातले औषधांचे बारीक अंश काढायचा निदान ८० टक्के खर्च औषधं आणि सौंदर्यप्रसाधनं विकणाऱ्या कंपन्यांनी सोसावा. कंपन्या कोर्टात गेल्यात, जाऊ देत. पण बघा, गोळी गिळणाऱ्याच्या नदीसाठी कायदा झाला. गोळी बनते तिथल्या नाल्यासाठी आलेली यादी फाडली. गावात आपला वाडा कायम खालच्या अंगाला. वरचे धुणार, आपण पिणार. आता वरचा अंग बोटीपलीकडं गेला, एवढाच फरक.

आता तळ्याकडं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. त्याच महाडला आज रसायनांची, औषधांची एमआयडीसी आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिथल्या एका औषध कारखान्यात स्फोट होऊन कामगार जळून मेले. सांडपाणी सावित्रीच्या खाडीकडं जातं, मच्छीमार वर्षानुवर्षं बोंबलतायत. आपण दर वीस मार्चला निळे झेंडे घेऊन तळ्यावर जातो, घोषणा देतो, एसटी पकडून परत. यंदा आम्ही चौघं एमआयडीसीच्या रस्त्यानं गेलो. चहाच्या टपरीवर एक पोरगा भेटला, गळ्यात बाबासाहेबांचं लॉकेट, कारखान्यात कंत्राटावर. म्हणाला, "दादा, पाण्याचं काय विचारता? प्लांट बंद झाला तर घरी काय नेऊ?"

चौघांपैकी कुणाला बोलता आलं नाही. मी कवी म्हणवतो, मलाही नाही.

परतीच्या गाडीत सुचलं ते इथं लिहितो, त्याच्या हातात अंक पडेल या आशेवर. कारखाना बंद करा असं आम्ही म्हणतच नाही. औषध सगळ्यांच्या गटारात मिसळायच्या आधी, कारखान्याच्या आतच मारता येतं. ओझोन आहे, कोळशाची गाळणी आहे, पाणी आटवून गाळ जाळायची सोय आहे. ती यंत्रं चालवायला माणसं लागतात, तुझ्यासारखीच. खर्च येतो, खोटं कशाला बोलू. तो द्यायचा कुणी, एवढंच भांडण आहे. आज तो माझी मावशी देते. ती १२१ ची यादी परत आणा, हे दिल्लीला सांगायचं. आणि सरकारी हॉस्पिटलं सगळ्यात स्वस्त टेंडर उचलतात, त्या टेंडरात सांडपाण्याची अट घाला, हे मुंबईत.

महाडच्या केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात औषधांचे अंश कधी तपासले, ते विचारणारे माहिती अधिकाराचे अर्ज लिहितोय. एका अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. जमेल त्यानं दोन-चार घेऊन या. माझी पहिली पाळी तीनला सुटते, साडेचारनंतर मी प्रेसवर असतो.