मल्चिंग पेपर घातला, काढणार कोण?

टोमॅटोचा हंगाम संपला, झाडं उपटली, की वाफ्यावर उरतो तो चंदेरी-काळा मल्चिंग पेपर. मधोमध धरून ओढला तर त्याचे हातातच तुकडे होतात. पण ज्या कडा लावणीच्या वेळी मातीत दाबल्या होत्या, त्या मात्र लांबच्या लांब पट्टीसारख्या निघतात; चिखल धुतला तर जवळजवळ नव्यासारख्या. पेपर एकाच रोलचा. मधल्या भागाला ऊन लागलं, कडांना लागलं नाही, एवढाच फरक.

हा पेपर पॉलिथिलीनचा असतो. कार्बनच्या हजारो अणूंची एकसलग साखळी, आणि तिला चिकटलेला हायड्रोजन. शुद्ध पॉलिथिलीन सूर्याचे अतिनील किरण जवळजवळ शोषतच नाही. पण कारखान्यात तयार होताना त्यात थोडी अशुद्धी राहतेच. ती किरण शोषते, हवेतला ऑक्सिजन साखळीत शिरतो आणि साखळी जागोजागी तुटू लागते. उन्हाने तापलेल्या पेपरवर हे काम आणखी झपाट्याने होतं. लवचीकपणा जातो, पेपर ठिसूळ होतो, वाऱ्याने फाटतो. ठिबकच्या नळ्या काळ्या असतात त्याही याच कारणाने: त्यांत मिसळलेली काजळी किरण अडवते.

पेपर तुटला म्हणजे कुजला, असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. जिवाणूंच्या पेशीत जाऊ शकतील इतक्या आखूड साखळ्या फार थोड्या तयार होतात. बाकीच्या त्यांच्या आवाक्याबाहेरच राहतात. मातीत ऊन नाही, उष्णता बेताची, म्हणजे साखळी तोडणारं तिथे फारसं कुणी नाही. जपानमध्ये 32 वर्षं मातीत राहिलेलं पॉलिथिलीन 1990च्या दशकात संशोधकांनी तपासलं, तेव्हा जमिनीच्या वरच्या थरात ते काहीसं झिजलेलं आढळलं. खोलवरचं मात्र फारसं बदललेलं नव्हतं.

मग प्लास्टिक खाणाऱ्या अळ्यांचं काय? फेडेरिका बेर्तोकिनी या संशोधिकेने मधमाश्यांच्या पोळ्यातल्या मेण-अळ्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवल्या आणि पिशवीला भोकं पडली; त्यावरचा अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. 2022 मध्ये त्यांच्या गटाने या अळ्यांच्या लाळेतली विकरं पॉलिथिलीनचं ऑक्सिडीकरण करतात असं मांडलं. संशोधन मोलाचं आहे, वादही आहेत. पण त्याच्या भरवशावर शेतातला पेपर मातीत नांगरून टाकणं शहाणपणाचं नाही.

‘आपोआप विघटन होणारं’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मालाकडे तर अधिकच संशयाने पाहायला हवं. काही पॉलिथिलीनमध्ये साखळी लवकर तुटावी म्हणून धातूंचे क्षार घालतात. ऊन-वाऱ्यात ते पटकन तुटतं खरं, पण कचरा डोळ्याआड होतो, नाहीसा होत नाही. युरोपीय संघाने अशा मालावर 2021 पासून बंदी घातली. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाच्या 2019च्या अभ्यासात ‘बायोडिग्रेडेबल’ म्हणून विकलेली पिशवी तीन वर्षं मातीत आणि समुद्रात राहूनही बाजारहाटाचं ओझं पेलत होती. उघड्यावर ठेवलेल्या पिशव्यांचे मात्र नऊ महिन्यांत तुकडे झाले होते.

म्हणून ऊन पेपर खाऊन टाकेल, या आशेवर बसण्यापेक्षा तो ठिसूळ होण्याआधी काढलेला बरा. पातळ पेपर स्वस्त पडतो, पण तो काढताना फाटतो आणि गोळा करायची मजुरी वाढते. त्यामुळे बरेच शेतकरी तो बांधावर पेटवतात किंवा रोटाव्हेटरखाली घालतात. दोष एकट्या शेतकऱ्याला देऊन भागणार नाही. एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानातून प्लास्टिक आच्छादनाच्या खर्चाला 50 टक्के अनुदान मिळतं, ते पेपर अंथरण्यासाठी. तो काढण्यासाठी काय? कृषी खात्याने जाड पेपरलाच अनुदान द्यावं आणि त्याचा एक हप्ता वापरलेला पेपर संकलन केंद्रावर वजन करून दिल्यावरच खात्यात जमा करावा. पेपर विकणाऱ्या कंपन्यांकडून तालुक्या-तालुक्यात अशी केंद्रं चालवून घेणं सरकारला जड जाऊ नये.